काकासाहेबांचे पिवळे कुंपण

"ढवळला का नाय रंग?" ओट्यावरच्या खुर्चीतून चतुराबाईंनी नवऱ्याला विचारले.

"ढवळायचा असतो व्हय?"

"अहो, डबा उघडला अन् तसाच लावायलेत? नुस्ता तेलाचा वास यायलाय इथवर."

काकासाहेबांनी डब्यात डोकावून पाहिले. वर तेल तरंगत होते आणि पिवळेपणा सगळा तळाशी जाऊन बसला होता. फाटकाजवळच्या पाच-सहा फळ्यांना त्यांनी सकाळपासून मन लावून तेल चोपडले होते. "लावायच्या आधी परत एकदा ढवळतोच की," असे म्हणून त्यांनी काडी घेतली आणि आवाज होणार नाही अशा बेताने ढवळू लागले. चतुराबाई हसल्या.

काकासाहेबांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत, आस्थापना शाखेत गेली. तिथे काम करायचे म्हणजे शेरा मारून पुढच्या टेबलावर सरकवायचे. घरात खिळा ठोकायचा तर शेजारी, बल्ब बदलायचा तर मुलगा विश्वजीत. ब्रश हा प्रकार त्यांनी दाढीपलीकडे हातात धरला नव्हता. आणि समोर कुंपण होते ते असे लांबलचक, की फाटकाशी उभे राहून पाहिले तर शेवट नीट दिसत नसे. पडेगावच्या प्लॉटवर विश्वजीतने भंगारवाल्याकडून कंपन्यांची माल ठेवायची जुनी लाकडी पॅलेट आणून त्यांच्या फळ्या ठोकून घेतल्या होत्या. कुंपण घरापासून निघून पार मागच्या भाजीच्या वाफ्यांपर्यंत जात होते, आणि त्याच्या आतल्या अंगाने वाफ्यांकडे जायची वाट होती. वाटेच्या दुसऱ्या कडेला पाण्याची खोल चारी होती.

त्या चारीत चतुराबाई मागच्या वर्षी पडल्या. त्यांना काचबिंदू झाला होता. गेली ती नजर परत यायची नाही, उरली आहे तेवढी जपायची, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते. फळ्या मातकट, वाट मातकट. चतुराबाईंना सगळे एकच दिसे. पडल्यापासून वाफ्यांकडे जायचे म्हणजे काकासाहेबांचा हात धरून. पण ज्या बाईने आयुष्यभर सगळ्या घराला हाताला धरून चालवले, तिला असे जाणे काही मानवेना. एक-दोन महिने गेल्या, मग "आज गुडघा दुखतोय" म्हणून बसून राहू लागल्या. गुडघ्याला काही झालेले नव्हते, हे काकासाहेबांनाही ठाऊक होते. "कुंपणाला भडक पिवळा रंग द्या, कड दिसली की त्या एकट्या जातील," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा चतुराबाई कितीतरी दिवसांनी घरी येताना रिक्षात बडबडत होत्या.

पेंटर आलाही होता. कुंपण बघून म्हणाला, "आज्जीला दिसतच नाय तर ऑइलपेंट कशाला घालवता? चुना मारून देतो." ओट्यावर लसूण सोलणाऱ्या चतुराबाईंचा हात थांबला. काकासाहेब साहेबांवर कधी चिडले नव्हते, शिपायावरही नाही, पण त्या दिवशी ते ताडकन उठले. "नीघ तू. मी देतो रंग!" बोलून बसले, आणि पेंटर फाटकाबाहेर पडल्यावर त्यांना घाम फुटला.

तर आता रंग चालला होता. काकासाहेब खालून वर रंगवीत गेले, त्यामुळे वरचे ओघळ खालच्या रंगावर येऊन थबकले. ढवळणे वरवरचेच झाले होते, म्हणून तेल संपून खालचा गाळ लागला तसा रंग पिठल्यासारखा घट्ट होत गेला. चष्म्याची एक काच पिवळी झाली, तेव्हा सगळे कुंपण रंगवून झाल्याचा त्यांना क्षणभर भास झाला आणि फार बरे वाटले. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देई. काकासाहेब सगळ्यांचे ऐकून घेत, सगळ्यांना "बरोबर आहे" म्हणत, आणि पुन्हा आपल्याच पद्धतीने चुकत. त्यातच एक बाजू रंगवून दुसरी तशीच सोडणे त्यांना अर्धवट भरलेल्या अर्जासारखे वाटले, म्हणून त्यांनी बाहेरची बाजूही रंगवायला घेतली.

घोळ झाला तो तिथे. कुंपणाच्या बाहेरून पाऊलवाट जात होती आणि त्या वाटेने सोनाजी मेंढरे चारायला नेई. मेंढराला लाकूड दिसले की त्याचे अंग खाजते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गलका झाला. सोनाजी आणि दुसरा मेंढका कडूबा, दोघे एकमेकांवर ओरडत आले आणि मागून सगळी मेंढरे.

"काकासाहेब, ही बघा तुमची करणी!" सोनाजीने एक मेंढी पुढे ओढली. तिच्या कुशीवर लांबलचक पिवळा पट्टा होता. "निम्मी मेंढरं अशी केली तुमी. कडूबा रानातून हाकलत घेऊन चालला व्हता, पार दौलताबादच्या रस्त्याला!"

"कुशीवर पिवळा पट्टा माझा हाय," कडूबा म्हणाला. "आज्याच्या वक्तापासून. सगळ्या पडेगावाला मालूम हाय. पट्टा दिसला, हाकलली. माझी काय गलती?"

"मानेवर माझा गेरू दिसला नाय तुला?"

"लोकर एवढी वाढलीया, गेरू दिसंल कुठं?"

काकासाहेबांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. अशा वेळी काय म्हणायचे, ते त्यांना नोकरीत पाठ झाले होते. "दोघांचंही म्हणणं रास्त हाय. विचार करून कळवतो."

"कळवता काय? मेंढरं हितं उभी हायेत!"

"आरं, भांडता कामून?" ओट्यावरून चतुराबाईंचा आवाज आला. "एक इकडं जा, एक तिकडं जा, अन् हाळी द्या. ज्याची त्याच्याकडं येतील."

दोघे दोन टोकांना गेले. हाळी घुमली आणि एवढा मोठा कळप चिरल्यासारखा दोन्हीकडे वाहू लागला. एक मेंढी मात्र दोघांपैकी कोणाकडेच गेली नाही. ती ओल्या फळीला दुसरी कूस घासत राहिली. सोनाजीने तिला शिव्या देत उचलली.

"दुसरा कोणचा बी रंग द्या की, काकासाहेब," तो जाता जाता काकुळतीने म्हणाला. "हिरवा द्या."

"नाय जमायचं सोनाजी. आमच्या हिला पिवळाच दिसतो."

सोनाजीने ओट्याच्या दिशेने पाहिले. डोक्यावरचे मुंडासे सारखे केले. "मग वाळंस्तवर मी वरच्या अंगानं वळसा घालून नेतो," एवढे बोलून तो वळला.

हे चतुराबाईंना सांगावे म्हणून काकासाहेबांनी ओट्याकडे पाहिले, तर खुर्ची रिकामी होती.

त्यांच्या डोळ्यांसमोर चारी आली. ते आतल्या वाटेने धावत सुटले, लुंगीत पाय अडकला, तरी धावले.

चतुराबाई वाटेवरच होत्या. उभ्या होत्या, जिथे पिवळा रंग संपला होता तिथे, नेमक्या. पुढे वाफ्यांपर्यंत मातकट फळ्या उरल्या होत्या.

"इथं संपला का हो?" त्यांनी वळून न बघता विचारले.

"व्हय," काकासाहेबांना धाप लागली होती. "पुढचा राहिलाय. तू एकटी कशाला आलीस?"

"मेंढरांच्या गडबडीत तुमाला कुठं हाका मारायच्या? दिसायलं हो, काकासाहेब. लई दिसायलं. ओबडधोबड लावलाय, पण दिसायलं." त्यांनी पदराने डोळे टिपले.

काकासाहेबांनी सवयीने हात पुढे केला. "चल, घरी नेतो."

"नको. येताना दिसलं, तसं जाताना बी दिसंल."

आणि त्या निघाल्या. सावकाश, पण कुठेही न चाचपडता, पिवळ्या कडेवर नजर ठेवून. काकासाहेबांना इतका आनंद झाला होता की रडू येईल असे वाटले. आणि आनंदाच्या आतच कुठेतरी खुपतही होते. वर्षभर घराबाहेर कुठेही जाताना चतुराबाईंचा हात त्यांच्या हातात असे. आता पिवळे दिसेल तोवर तो नसणार होता, आणि परत आला तर तो का आला हे दोघांनाही कळणार होते.

चतुराबाई ओट्यावर पोचल्या. "पोचले हो!" त्यांनी तिथून आवाज दिला.

काकासाहेबांनी हात वर करून जोरजोरात हलवला. एवढ्या लांबून चतुराबाईंना हात दिसणार नाही, हे तो खाली घेतल्यावर त्यांच्या लक्षात आले. मग ते मोठ्याने "बरं!" म्हणाले, आणि फाटकाजवळचा डबा आणायला गेले.