आठवा बास

त्या ग्रीक संगीतकाराचं नाव मला धड उच्चारताही येत नव्हतं. रेडिओच्या जुन्या टेप संगणकावर चढवणं हे माझं काम. त्यात त्याची एक निघाली. डब्यावर आमच्याच शहराच्या वाद्यवृंदाचं नाव, आणि साल बाबा त्यात डबल बास, ते माणसाहून उंच, खर्जातलं व्हायोलिन, वाजवायचे तेव्हाचं. लावली. पहिली पाच मिनिटं वाटलं, टेपच बिघडलीय. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र हातातलं काम तसंच राहिलं. पन्नास तंतुवाद्यं, प्रत्येकाचा सूर वेगळा, शाळा सुटल्यावर पोरं एकदम बोलायला लागतात तशी. असल्या माणसाला कुणी विचारू नये, म्हणजे कमाल आहे!

पण खरं सांगते, मी त्याच्यासाठी ऐकत नव्हते. मला बाबा हवे होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आयुष्यभर आठ बासवाल्यांनी मिळून एकच सूर वाजवला. त्यातले बाबा कुठले, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ह्या ग्रीकाने मात्र आठही जणांना वेगवेगळं लिहून दिलं होतं. ग्रंथालयातून स्वरलिपी आणली आणि आठव्या ओळीवर, म्हणजे कायम शेवटच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाबांच्या ओळीवर, बोट ठेवून बसले. त्या कल्लोळात ते काही सापडेनात.

सापडले ते शांततेत. मधे अकरा सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं होतं. सातव्या सेकंदाला एक जाड, ठाम सूर आला. एकटाच. आठव्या ओळीतला पुढचा सूर, चार सेकंद आधी. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

"चूक आहे ती, काढून टाक," रेडिओतले माझे साहेब ते ऐकून म्हणाले. "रविवारी लावतोय आपण हे. चाळीस वर्षांनी त्या बिचाऱ्या ग्रीकाला कुणी ऐकणार, ते तरी नीट ऐकू दे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. घरी आईला विचारलं.

"काढ बाई. त्या एका सुरापायी महिनाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. परत जगापुढे कशाला?"

काढला. रविवारी दुपारी आम्ही दोघी रेडिओपुढे बसलो. "भांडी पडताहेत का गं?" म्हणत आईने सुरुवात केली, मग हळूहळू पुढे सरकून कान देऊन ऐकू लागली. ती जागा आली तशी मी तिला खूण केली. अकरा सेकंद स्वच्छ शांतता, ग्रीकाला हवी होती अगदी तशी. आईने माझा हात घट्ट धरला.

"नको होतं गं काढायला," ती म्हणाली.