तुपाचा नवस

"आ कर, पोरी," म्हणत सत्यवतीबाईंनी तुपात बुडवलेला रोडग्याचा तुकडा सुनेच्या ओठांपाशी नेला.

रूपालीने मान मागे घेतली. "आत्याबाई, हे काय करून राहिल्या? मले चालत नाही ना तूप."

"आता चालते व! नवस फिटला तुहा."

"कोणता नवस?"

पंगतीत हशा पिकला. पोरगी लाजते आहे असंच सगळ्यांना वाटलं. अकोल्याबाहेर, मोर्णा नदीकाठी सत्यवतीबाईंच्या झेंडूच्या मळ्यात ही पंगत बसली होती. गोवऱ्यांच्या आरात भाजून कुस्करलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर वाट्या भरभरून तूप. सुनेला दिवस गेले म्हणून सत्यवतीबाईंनी जुन्या शहरातलं सगळं गणगोत गोळा केलं होतं. अमरावतीहून रूपालीचे आईवडील, शकुन आणि गोवर्धन, राजापेठेतलं भाजीचं दुकान बंद ठेवून आले होते. वऱ्हाडात आनंद झाला की माणसं रोडगे भाजतात, आणि त्या दिवशी तुपाला हात आखडणाऱ्याला कायमची नावं ठेवली जातात.

"आता कोणता म्हून इचारते!" सत्यवतीबाई हसत म्हणाल्या. "दिवस जाईपर्यंत तूप-तेल तोंडात घेणार नाही, हा नवस. सोयरीकीच्या वक्ती तुह्या मायनंच तं सांगतला होता."

रूपालीने आईकडे पाहिलं. शकुन खाली मान घालून वांग्याचा देठ सोलत होती. वांग्याचा देठ कोणी सोलत नाही.

लहानपणी रूपालीच्या पोटात कळा यायच्या तेव्हा आधी घरच्यांनी ओवा दिला, मग दृष्ट काढली, मग शाळा बुडवायची नाटकं म्हणून चार धपाटेही दिले. शेवटी अमरावतीच्या दवाखान्यात रक्त काढलं, तर नळीत दुधासारखी पांढरी साय धरली. शकुन भाजीवाली आहे हे पाहून डॉक्टरांनी तिला तिच्याच भाषेत समजावलं होतं. "बाई, खाल्लेलं तूप-तेल रक्तातून गाड्या भरून निघतं. त्या गाड्यांतला माल उतरवून घेणारा एक हमाल शरीरात असतो. लायपेज म्हणतात त्याला. तुमच्या मुलीचा हमाल जन्मापासूनच कामाचा नाही. गाड्या रक्तात तुंबतात, स्वादुपिंड सुजतं. पुढच्या खेपेला जीवही जाईल. तेलतूप बंद, शेंगदाणे बंद, साय बंद. आणि लग्नानंतर दिवस गेले तर लगेच आणा. तेव्हा ही चरबी आपोआप वाढते."

एवढं सगळं शकुनला पाठ होतं. लग्न ठरलं तेव्हा ती लेकीला म्हणाली होती, "सांगतलं म्या त्यायले सारं. मोठ्या मनाची मानसं हायत. पण तू घरात थो इषय काढत जाऊ नोको, बरं दिसत नाही."

रूपालीने तो विषय कधीच काढला नाही. सासू रोज फोडणीआधी तिची भाजी वेगळी काढायची, तिच्यासाठी बिनतेलाचं वरण ठेवायची. सासरच्या फुलांच्या दुकानात हार ओवताना रूपाली शेजारणींना सांगायची, सासू असावी तर अशी. नवऱ्याने, धर्मेंद्रने, एकदा विचारलं होतं, "कधी सुटन तुहं हे?" ती म्हणाली, "माह्या हातात हाय का थे?" त्यावर त्याने देवळात डोलवावी तशी मान डोलावली होती. तेव्हा तिला तो किती समजूतदार वाटला होता!

आणि आज कळत होतं की इथे कोणाला काही ठाऊकच नव्हतं. ती माया तिच्यासाठी नव्हती, कुठल्याशा देवासाठी होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारी जन्माची आई.

"आ कर ना व," सासू पुन्हा म्हणाली. आईची लाज राखायला एक घास गिळावा, असं क्षणभर रूपालीच्या मनात आलं. पण एका घासाने भागणार नव्हतं, उद्यापासून रोजच ताटात तूप येणार होतं. आणि आता ती एकटी नव्हती. तिने सासूचा हात बाजूला सारला.

"हा नवस नाही, आत्याबाई. बिमारी हाय, जन्माची, अमरावतीच्या डाक्टरनं सांगतलेली. तूप खाल्लं तं मी मरीन, आन् पोटातलंबी."

पंगतीतले हात थांबले.

"हे काय म्हून राहिली, इहीणबाई?" सत्यवतीबाईंनी शकुनला विचारलं.

शकुन पुटपुटली, "सांगतलं असतं तं तुमी केली असती का सोयरीक? शंभर खोटं बोलावं, पन एक लगन जुळवावं, असं म्हणतेतच ना."

सत्यवतीबाईंनी तो घास तुपाच्या वाटीत टाकला. "रोज मारुतीले पानी घालत होती मी, हिच्या नवसाले पाव म्हून. खरं सांगतलं असतं तं बी हिचं सारं केलं असतं मी. आता काय करू थेच समजून नाही राहिलं." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तू तं सांगाचं."

"मले वाटलं, तुमाले मालूम हाय."

सत्यवतीबाईंना ते पटलं की नाही, हे रूपालीला कळलं नाही. धर्मेंद्र पानावरून उठला, हात धुतले. "टेम्पो काढतो. अमरावतीले दवाखान्यात जाऊ, आत्ताच," एवढं बोलून तो निघाला. बोलताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

रूपाली त्याच्या मागे निघाली तशी शकुन धावत आली. लेकीची पहिली ओटी म्हणून तिने खण, नारळ, तांदूळ बांधून आणले होते.

"थांब व रूपा, ओटी भरू दे."

"मले तरी काहून नाही सांगतलं, माय? कोनाच्या भरवशावर राहिली मी इथं?"

"तुहं घर तं बसलं ना!"

"घर नवसाचं बसलं, माय. माहं नाही."

शकुनने गाठोडं सोडलं आणि तांदळाची ओंजळ पुढे केली. रूपालीने पदर कमरेला घट्ट खोचला आणि ती बांधावरून टेम्पोकडे चालू लागली. मागे शकुन ओंजळ तशीच पुढे धरून उभी होती.