दीड मिलिमीटर

डाव्या पंखाच्या मुळाशी फट उरलीच — इतकी, की तिच्यातून अंगणातल्या दोरीवरचा टॉवेल दिसत होता. कैलासनं विमान डोळ्यांजवळ आणलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं, शेवटी व्हर्नियर लावून मोजलं. दीड मिलिमीटर! तळेगावच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तो तपासनीस होता. तिथं केसाएवढा फरक दिसला तरी तो भाग उचलून लाल पेटीत टाकायचा, आणि ज्याच्या मशीनवरून आला त्याच्याकडे असा बघायचा की... पण घरात लाल पेटी नव्हती. घरात अनिता होती, त्याची मुलगी, जिनं हा प्लॅस्टिकच्या विमानाचा खोका निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हातात ठेवला होता. "बाबा, आता माणसं तपासायची सोडा. हे जोडा."

जोडा म्हणे. धडाचे दोन भाग, त्यातला एक सरळ आणि दुसरा केळ्यासारखा वाकलेला. वैमानिक त्याच्याच खुर्चीत मावेना. काल कानशीनं त्याचे पाय घासावे लागले — दोन्ही, पार गुडघ्यापर्यंत — आणि घासताना उगाच वाईट वाटलं होतं.

तरी आज विमान पुढ्यात हवंच होतं. अकरा वाजता तो येणार होता — प्रदीप, वडगावचा, अनितानं स्वतः पसंत केलेला, आणि तोही एकटाच, घरच्या कुणाला न घेता. कैलासचा बेत पक्का होता: आपण कामात असायचं, मान वर करायची नाही, "बसा" एवढंच म्हणायचं, आणि पाचेक मिनिटांनी चष्म्यावरून बघत पहिला प्रश्न. मुलाबद्दल कुणी वाईट सांगितलं नव्हतं. पण तो लोणावळ्याच्या एका रुग्णालयात नर्स होता, आणि तिथं त्याला येणारा-जाणारा प्रत्येक जण 'ब्रदर' म्हणायचा... तिथल्याच लॅबमध्ये काम करणारी अनितासुद्धा. आता आमच्या भाजे गावात, भावकीत मी काय सांगू? की माझी मुलगी ज्याला दिवसभर ब्रदर म्हणते त्याच्याशीच... मी हे हसण्यावारी नेणार नाही, मी तीन प्रश्न विचारणार आहे, आणि तिन्ही पाठ आहेत माझे.

त्यानं झटपट चिकटणाऱ्या डिंकाची अख्खी नळी फटीत पिळली आणि बोटानं पंख दाबून धरला. साठपर्यंत मोजलं. फट मिटली! छातीत एकदम काहीतरी उजळलं, कितीतरी दिवसांनी... मग त्यानं हात काढायला घेतला, तेव्हा कळलं की फट भरण्यात मधलं बोटही सामील झालंय.

"आवं, ओढू नका! कातडं निघंल," बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"तुजं नखाचा रंग काढायचं पाणी कुटं हाय गं?" त्यानं अनिताला विचारलं.

"आहे. पण त्यानं विमान विरघळेल, बाबा."

"आन् बोट?"

"बोट सुटेल."

तिघांनी विमानाकडे पाहिलं. वाकडं धड, झुकलेली शेपटी, बिनपायांचा वैमानिक — कारखान्यात असतं तर पहिल्याच दिवशी... "न्हाई," कैलास म्हणाला, आणि हे आपणच म्हणालो याचं त्याला नवल वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. मान वर न करण्याचा बेत मोडलाच, कारण तो दचकून उभा राहिला होता. दारातल्या उंच, सावळ्या मुलानं नमस्कार केला, तेव्हा सवयीनं त्यानंही हात जोडले, आणि दोन्ही तळव्यांच्या मधून विमानाचं नाक पाहुण्याकडे रोखलं गेलं.

प्रदीप हसला नाही. "काका, ओढलं नाही ना?"

"न्हाई."

"बरं केलं. मावशी, कोमट पाणी द्या, साबण घालून."

पातेलं आलं. प्रदीपनं त्याचा हात मनगटाशी धरून फेसात बुडवला, बुडेल तेवढं विमानही बुडवलं, आणि चमच्याच्या दांड्यानं बोटाची कड सावकाश चोळू लागला. "रोज येतं असं कुणी ना कुणी. परवा एक पर्यटक आला. चप्पल चिकटवायला गेला, नळीचं झाकण दातानं उघडलं, दोन्ही ओठ बंद. बायको म्हणाली, आमाला काई घाई न्हाई."

स्वयंपाकघरातून कैलासची बायको जरा जास्तच मोठ्यानं हसली. कैलासनं ओठ आवळून धरले. पहिला प्रश्न... पहिला प्रश्न काय होता? आठवेना. तोंडून भलतंच निघालं.

"तुमाला समदे ब्रदर म्हनतात?"

"व्हय. म्हाताऱ्या 'डॉक्टर' म्हणतात, म्हातारे 'ए बाळा'. रात्रीचं भान सुटलं की काही जण आई म्हणूनसुद्धा हाक मारतात." प्रदीप जरा थांबला. "मग जायचं. आपल्याला कोण समजून बोलावलं, ते कशाला बघायचं?"

अनिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती प्रदीपच्या हातांकडे बघत होती, आणि तिचं असं बघणं कैलासनं याआधी कधी पाहिलं नव्हतं — की पाहिलं होतं, पण थांबून कधी...

फेसाखाली काहीतरी सैल झालं. आधी कड, मग सगळंच. बोट मोकळं होतं.

"अजून चिकटलंय, काका?"

"हां... जरासं," कैलास म्हणाला, आणि इतक्या सहज निघालेल्या या खोट्यानं त्याला स्वतःचीच भीती वाटली. पण हात त्यानं काढला नाही. पाणी निवत चाललं होतं. ते निवलं की काय बोलावं लागेल, हे त्याला माहीत नव्हतं; मनगटावरची ती पकड घट्ट नव्हती, सैलही नव्हती, आणि किती वेळ असं बसता येतं हे मोजावंसं त्याला वाटत नव्हतं.