वाटेवरचा तंबू

मितैरने तंबू कुठे ठोकलाय ते मला अठ्ठाविसाव्या किलोमीटरला कळलं, आणि मी मनातल्या मनात त्याला दाद दिली. माणूस लबाड आहे, पण मंद नाही.

मितैर, म्हणजे अबू फवाज, माझा चुलतभाऊ, आणि माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊही तोच. लहानपणी आम्ही दोघांनी एकच कळप राखला. आता त्याच्याकडे अकरा जीप आहेत. गावात उतरणाऱ्या पाहुण्यांना तो सूर्यास्त दाखवायला नेतो, आणि गेली दोन वर्षं रतमच्या दरीतून नेतो, कारण तिथून गेलं की अर्धा तास वाचतो.

ती दरी माझी आहे. कागदावर नाही, पायांनी. माझी आई, तिची आई, आणि सात वर्षांची असल्यापासून मी, आम्ही सगळ्या तिथे शेळ्या नेत आलो. त्या खुरांनी आणि तळव्यांनी जी वाट घट्ट झाली, तिच्यावरून मी आजही रोज पहाटे पळते. जीपचं चाक फिरलं की वरचा कडक थर फुटतो आणि खालची भुकटी वर येते. मग पाय घोट्यापर्यंत रुततो. अर्धी वाट अशीच गेली. उरलेली अर्धी जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

ते मी मितैरच्या घरी मांडलं, त्याच्या बायकोसमोर मांडलं, आणि एकदा मशिदीबाहेर वीसेक पुरुषांसमोर मांडलं. दर वेळी तो हसला.

"वदहा, शेळ्या तर तू विकल्यास. आता वाट कशाला हवी?"

"पळायला."

"त्रेचाळीस वर्षांची बाई कोणामागे पळणार?"

"तुझ्या जीपमागे. आणि गाठीन."

पुरुष हसले, तसा तो चिडला आणि बोलून गेला. आमच्याकडे दर मार्चमध्ये बेचाळीस किलोमीटरची शर्यत असते, अम्मानची तमारा ती भरवते. त्या शर्यतीत मी बायकांमध्ये पहिल्या तिघींत आले, तर त्याची एकही जीप दरीत जाणार नाही, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. परदेशी पोरींचे लांब पाय त्याने पाहिले होते. माझे पाहिले नव्हते, कारण मी पळते तेव्हा तो घोरत असतो.

शर्यतीला साठ जण होते, त्यात एकोणीस बायका. वाट मीच आखली होती, दगडावर दगड रचून खुणाही मीच केल्या होत्या. लांब झग्याखाली विजार, झग्याची कड कमरेला खोचलेली, डोक्याला घट्ट रुमाल. पहिले दहा किलोमीटर मी कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. वाळूत घाई करणारा माणूस पुढे रडतो, हे मला शिकवायला कोणी लागत नाही. विसाव्यापासून एकेक पोर मागे टाकत गेले. अठ्ठाविसाव्याला मी दुसरी होते. पुढे एक सडसडीत डच मुलगी होती आणि मागे नजर जाईल तिथपर्यंत एकही बाई नव्हती. पाय असे चालत होते की मलाच हसू येत होतं.

तेवढ्यात दरीच्या तोंडाशी काळा तंबू दिसला. वाटेला खेटून, पुढची बाजू उघडी, आत विस्तव. दारात मितैर, हातात कॉफीचं भांडं. गालिच्यावर शेजारच्या टोळीतले दोन म्हातारे बसले होते, हाजी जदुआ आणि त्याचा बहिरा भाऊ. त्यांना त्याने मुद्दाम जीपने आणलं होतं. कशाला, ते मी लगेच ओळखलं. उद्या कोणी म्हणालं की मितैरने वदहाची वाट अडवली, तर दोन पांढऱ्या दाढ्या सांगतील की छे, त्याने तर बिचारीला कॉफीला बोलावलं.

डच मुलीलाही त्याने हाक मारली. तिने हात हलवला आणि निघून गेली. तिला ते चालतं. आम्हाला नाही. तंबूतून हाक आली आणि माणूस न थांबता पुढे गेला, असं माझ्या बापाच्या घराण्यात घडलेलं नाही. खुनाचं वैर असलेले लोकसुद्धा थांबलेत.

"वदहा, ये. कॉफी होतेय."

"अबू फवाज, मी पळतेय."

"दिसतंय की. दमली असशील, बस जरा. हाजी जदुआ आलेत, त्यांना सलाम नाही करणार?"

मी बसले. सलाम केला. संताप इतका आला होता की ते भांडं त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटत होतं. आणि मितैर? मितैर वेलदोडे कुटत बसला. एकेक दाणा निवडून. मग विस्तव सारखा केला. मग हाजींच्या सुनेची चौकशी केली. बाहेरून एक मुलगी पळत गेली. माझी दुसरी जागा गेली. थोड्या वेळाने आणखी एक गेली, आणि मितैरने तिच्याकडे बघून मान हलवली.

"चांगली पळतात या पोरी," तो म्हणाला.

शेवटी त्याने कप माझ्या हातात दिला. तिसरी जागाही गेलीच होती. पण कप हातात आल्यावर माझा राग ओसरला आणि डोकं चालायला लागलं. हा माणूस मला पाहुणी म्हणून आत बोलावतो, वर दोन साक्षीदार बसवतो, आणि स्वतःच्या हाताने कप देतो.

मी कप गालिच्यावर ठेवला. समोर, न पिता.

आमच्यात ज्याला यजमानाकडे काही मागायचं असतं, तो कप तोंडाला लावत नाही. यजमान 'पी, दिलं' म्हणेपर्यंत तो तसाच राहतो. पाहुणा कॉफी न पिता उठून गेला, तर त्या तंबूच्या मालकाला चार माणसांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. मुलीला मागणी घालताना असं करतात, भांडण मिटवताना करतात.

"अबू फवाज," हाजी जदुआ सावकाश म्हणाला, "पाहुणीने कप खाली ठेवलाय."

"पाहुणी कसली, हाजी, घरचीच आहे. दमलीय म्हणून ठेवला असेल."

"हाक मारून तूच बोलावलीस. मी ऐकलं."

"काय झालं?" बहिऱ्या भावाने विचारलं.

"बाईला काहीतरी मागायचंय," हाजी त्याच्या कानात ओरडला.

"नवरा?"

"आहे मला एक, पुरतो," मी म्हणाले.

मितैरचा चेहरा उतरला होता. "हाजी, कप ठेवणं हे पुरुषांचं काम. बायका कधी ठेवतात का?"

हाजीने दाढीत बोटं घातली. "ठेवू नये असं कधी ऐकलं नाही बुवा. माझ्या आजीने एकदा ठेवला होता. उंट घेऊन उठली."

मी मितैरकडे वळले. "रतमच्या दरीत तुझी जीप जायची नाही. आज नाही, पुढेही नाही."

"पहिल्या तिघींत येऊन मागायचं ठरलं होतं."

"ते ठरलं तेव्हा वाटेत तंबू नव्हता."

खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. तो नाही म्हणाला असता तर शर्यत गेली होती, दरी गेली होती, आणि वर एका बाईने कप ठेवून काही मिळालं नाही, ही गोष्ट वर्षभर गावभर फिरली असती. बाहेरून तिसरी मुलगी गेली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मितैर कपाकडे बघत होता आणि कपातली वाफ कमी होत चालली होती.

"लांबच्या वाटेने अर्धा तास जास्त लागतो, वदहा," तो हळू आवाजात म्हणाला. "सूर्य माझ्यासाठी थांबत नाही."

"मग अर्धा तास आधी निघ."

हाजी जदुआ खो खो हसला. बहिऱ्याने पुन्हा काय झालं म्हणून विचारलं, पण त्याला कोणी सांगितलं नाही.

"पी," मितैर म्हणाला.

"काय?"

"दिलं म्हटलं. पी आता, थंड होतेय."

मी प्याले. लबाड असला तरी मितैरच्या हाताला चव आहे, तसं मी त्याला सांगितलंही. कप हलवून परत दिला, म्हणजे आणखी नको, आणि उठले.

"आत्ता दरीत कोणी आहे का?" हाजीने विचारलं. म्हातारा पक्का होता.

मितैरने दुसरीकडे पाहिलं. आज एकही जीप आत जाणार नाही असं त्याने तमाराला कबूल केलं होतं. मग त्याने खिशातून फोन काढला आणि पोराला, फवाजला, एवढंच म्हणाला, "जिथे असशील तिथून परत फिर. कारण नंतर सांगतो."

मी झग्याची कड पुन्हा खोचली आणि दरीत शिरले. पाय आखडले होते, पण शंभरेक पावलांत मोकळे झाले. आता मी पाचवी होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाट पायाखाली होती आणि ती घट्ट होती.

दीड किलोमीटरवर वळणाच्या पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू आली. फवाजची जीप, मागच्या बाकावर चार पाहुणे, रुमालात गुंडाळलेले. दरी तिथे इतकी अरुंद आहे की जीप वळवता येत नाही. तो मान मागे वळवून उलटा चालला होता, एका बाजूच्या कड्यापासून वीतभर अंतर राखत. मी त्याच्या बॉनेटसमोर येऊन पोचले.

"काकू, बाबांना काय झालंय? उलटा जा म्हणतात."

"मग जा की."

"अजून तीन किलोमीटर आहे. बाजूने जागा आहे, तू निघून जा."

"वाट सोडून मी का जाऊ? तू जा."

त्याने गिअर टाकला. जीप मागे सरकत गेली आणि मी तिच्या पुढ्यात पळत राहिले. त्याने पुढे पाहिलं की आमचे डोळे काचेतून भिडत. पाहुणे फोटो काढत होते. वळण आलं की तो घामाघूम होई.

"काकू, जरा हळू पळ ना," त्याने खिडकीतून डोकं काढून म्हटलं. "मागचं दिसत नाही मला."

मी हळू झाले नाही.