दोन हिसक्यांच्या चार चौकटी

पॉलिश पेपरवर पेन्सिलीचं टोक फिरतं, तेव्हा माघातली करंजाची वाळकी पानं फरशीवरून सरपटत गेल्यासारखा आवाज होतो. बनशंकरीतल्या घरात शिरताना मला आधी तो आवाज भेटतो आणि मग अण्णा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. निपाणीहून इथं बंगळुरात आला आणि एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत निवृत्त झाला. टोकयंत्राला त्यानं कधी हात लावला नाही. शिसं घासताना त्याची मान किंचित डावीकडे कलते, खिडकीतला उजेड चष्म्याच्या कडेवर येऊन थांबतो, आणि तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोलायचं नसतं.

वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. या हिवाळ्यात त्यानं अचानक कॉमिक काढायला घेतलं, आयुष्यातलं पहिलंच. मी दर शनिवारी जे. पी. नगरहून वही घेऊन जाते. पानांची यादी, चौकटींची यादी, काय उरलं त्याची यादी. चित्र मला येत नाही, याद्या येतात. पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलं: पानं सोळा, मुदत चैत्राची अखेर. कारण चैत्र संपला की घर पाडायला द्यायचं ठरलं आहे, आणि अण्णा देवनहळ्ळीला लेकीकडे जाणार आहे.

“दार पडल्यावर माप कुठून आणू?” एवढंच तो म्हणाला आणि टेप घेऊन उंबरठ्यावर बसला.

सगळं पुस्तक एका दाराभोवती फिरतं. बाहेर जाताना अण्णा कुलूप लावायचा, पायऱ्या उतरून फाटकाकडे जायचा, आणि मग वहिनी परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची. दोन हिसके, नेमके दोन. मग खाली येऊन स्कूटरवर बसायची. संसारभर हेच चाललं. अण्णा चिडायचा, ती हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढायची. फोटो पुष्कळ आहेत. पण फोटोत ती कॅमेऱ्यासाठी थांबलेली आहे, आणि अण्णाला ती परत फिरताना हवी होती. परत फिरायला एक चित्र पुरत नाही. त्याच्या हिशेबानं चार चौकटी लागतात. बाकीची पानं त्या चार चौकटींपर्यंत पोचण्यासाठी.

माघ सरला, रस्त्याकडेची झाडं गुलाबी झाली आणि पाकळ्या त्याच्या कागदांवर येऊन पडू लागल्या. फुंकर मारून तो त्या उडवायचा आणि पुन्हा पट्टीवर वाकायचा. पायऱ्या, जाळी, कडी, कुलपावरचा गंज, सगळं खऱ्या मापाच्या विसाव्या हिश्शात. त्याच मापात वहिनीही होती, पाठमोरी, आणि तिची मूठ तुरीच्या दाण्याएवढी.

“अण्णा, हात मोठा काढ की. वाचणाऱ्याला दिसायला नको?”

“मापाबाहेर? मग दारपण मोठं करावं लागेल.”

“कॉमिकमध्ये चालतं रे.”

“चालतं गं. पण खोटं होतं.”

चौकटी तपासताना मला दुसरीच चूक सापडली. तिसऱ्या चौकटीत कुलपावर उजवा हात होता, चौथीत डावा. मी विचारलं, खरा कुठला? त्याची पेन्सिल कागदापासून बोटभर वर थांबली.

“मी कुठं बघितलंय, शालू? मी स्कूटर सुरू करत असायचो. माझी पाठ असायची. खण्‌ खण्‌ ऐकू यायचं, एवढंच.”

मी यादीत नववं कलम घातलं: कोणता हात? लेकीला फोन केला, ती म्हणाली उजवाच असणार. शेजारच्या बाईंना आठवेना. फाल्गुन संपत आला होता. मग फाटकासमोर फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या गौरम्माचा विचार माझ्या मनात आला. तिचं तोंड रोज दाराकडेच असतं. कोपरापासून बोटांपर्यंत गजरा मोजत, वरही न बघता तिनं उत्तर दिलं.

“एडगै, अक्का. डावा. उजव्या हातात माझी अबोली असायची ना. आधी फुलं घ्यायची, मग वर जायची. फुलं खाली ठेवायची नाही.” आणि हसून म्हणाली, “अण्णांच्या कुलपावर तिचा स्वल्पसुद्धा भरवसा नव्हता!”

मी घरात येऊन सांगितलं. अण्णानं जाळीतून पलीकडच्या टोपलीकडे बघितलं. स्कूटरच्या किकवर वाकलेल्या त्याला फुलांचं ठाऊकच नव्हतं. अबोलीला वास नसतो, स्कूटरवर पाठीमागे आली तरी कळत नाही. मग “सरी, ठीक,” म्हणाला, आणि कपाटातून वहिनीची बांगडी काढून कॅलिपरनं तिचा आतला व्यास मोजला. हाताचं माप तिथून मिळालं.

यंत्राचा एखादा भाग फार लहान असला की आराखड्यात त्याच्याभोवती वर्तुळ काढतात, आणि तेवढाच भाग वेगळ्या जागी मोठा करून दाखवतात. अण्णानं तुरीच्या दाण्याभोवती वर्तुळ काढलं. समोरच्या कोऱ्या पानावर तो हात उतरला: डावा, कुलपावर घट्ट, आणि शेजारी अबोली धरलेला उजवा. खाली त्याच्या सरळ, निर्विकार अक्षरात: तपशील अ, पूर्ण माप.

नववं कलम मी खोडलं. शाई, मजकुराचे फुगे आणि मुखपृष्ठ अजून उरलं आहे, आणि चैत्राचे थोडे दिवस. दार जाईल. पण अण्णा काढतो तसल्या आराखड्यात दूरचं आणि जवळचं असा भेद नसतो. तिथं अंतरानं काही लहान होत नाही. निघून गेलेलं माणूस डोळ्यांना दिवसेंदिवस बारीक होत जातं, आणि त्या एका पानावर मात्र काळ कितीही पुढे सरकला, तरी तिचा हात हाताएवढाच राहील.