मरकतम समई आणायला गेली

समई परत आणायला जाते असं मरकतमनं सांगितलं, तेव्हा तिच्या भावानं कपाळावर हात मारला.

"अक्का, बाजारात समयांचा दुष्काळ पडलाय का? सोमवारी तुझा गृहप्रवेश. उद्या चल माझ्याबरोबर, हवी ती समई उचल. त्या बाईच्या दारात पुन्हा कशाला जातेस?"

"बाजारातली समई बाजाराची. ती माझी आहे," मरकतम म्हणाली. शिवायला घेतलेलं पोलकं तिनं मशीनवरून बाजूला केलं आणि पिशवीत दोन जुन्या साड्या कोंबायला लागली. समई गुंडाळायला.

"नाही दिली तर?"

"देईपर्यंत बसेन."

बहिणीचा हा आवाज मुत्तुवेलच्या ओळखीचा होता. मायिलाडुतुरैच्या टोकाला तिनं दोन खोल्या उभ्या केल्या, त्या याच आवाजावर.

ती समई तिच्या लग्नात वडिलांनी समयांसाठी नावाजलेल्या नाचियारकोविलहून आणली होती. ओतारी ओतत असताना ते स्वतः समोर बसून राहिले होते. पाच वातींची, कमरेएवढी उंच, माथ्यावर चोच किंचित वाकवलेला हंस. लग्नानंतर सासरच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्यावर मरकतमनं पहिलं काम केलं ते ती समई लावायचं. दुसऱ्या दिवसापासून मात्र सासूनं काडेपेटी आपल्या हातात घेतली, ती घेतलीच. पुढे नवरा तिरुपूरच्या गिरणीत गेला आणि तिथेच दुसरीबरोबर संसार थाटून बसला. सासू म्हणाली, "तुझ्याच पायगुणानं माझा मुलगा गेला." त्या दिवशी मरकतम लेकीला कडेवर आणि एक पिशवी खांद्यावर घेऊन निघाली. समईसाठी तिसरा हात नव्हता.

ती लेक, यळिनी, आता आईच्या खांद्याला लागली होती. तिला मामाकडे सोडून मरकतम गुरुवारी दुपारी सासरच्या गावी, कुत्तालमला जाणाऱ्या बसमध्ये चढली.

सासू विशालाक्षी ओसरीवर शेवग्याचा पाला निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण पाठ तशीच ताठ. सुनेला बघून तिनं पाला खाली ठेवला नाही.

"वाट चुकलीस का?"

"नाही, अत्तै. वाट पाठ आहे. माझी समई न्यायला आले."

"सुनेबरोबर आलेली समई घराची होते. घरातून जात नाही."

"सून गेली की घरातून. मग समईलाच काय धरून ठेवलंय?"

शेजारची राक्कम्मा कुंपणाशी कपडे वाळत घालत होती, तिचा हात तिथल्या तिथे थबकला. आतून धाकटी सून पूंगोडी डोकावली. तिचा नवरा सिंगापूरला बांधकामावर होता. घरात या दोघीच असायच्या. पूंगोडीनं मुकाट्यानं पेल्यात ताक आणून दिलं. मरकतमला ती फक्त ऐकून ठाऊक होती.

विशालाक्षीनं भांडण काढलं नाही. तिनं विचारपूस काढली. मुलगी कितवीत आहे, घराला स्लॅब घातला की कौलं, दुकान भाड्याचं का. मरकतम एकेक उत्तर देत राहिली आणि म्हातारीनं ऊन उतरू दिलं. मग ती उठली, हातपाय धुऊन देवघरात गेली आणि समई लावून बाहेर आली.

"आता दिवेलागण झाली. लक्ष्मी घरात आली, आता काही बाहेर जायचं नाही. उद्या शुक्रवार, उद्या तर नाहीच."

म्हातारीनं आपल्याला पुरतं बनवलं हे मरकतमला कळलं. तिनं पिशवी उशाला घेतली आणि ओसरीवरच पथारी पसरली.

"मग शनिवारी नेते."

"शनिवारी लोखंड देत नाहीत."

"पितळ आहे, अत्तै."

कुंपणापलीकडे राक्कम्मा फिसकन हसली.

शुक्रवारी सकाळी विशालाक्षीनं समई अंगणात घेतली. चिंचेचा कोळ चोळून, राखेनं घासून, दोनदा धुऊन उन्हात ठेवली. गंधाचे ठिपके दिले, कुंकू लावलं, हंसाच्या मानेत मोगऱ्याचा गजरा घातला. मरकतम ओसरीवरून बघत होती. समई लखलखीत होती, कुठे डाग नाही, पोचा नाही. म्हातारीनं ती जिवापाड सांभाळली होती, हे दिसत होतं. मरकतमला ते आवडलं नाही. समई कोपऱ्यात काळी पडून सापडली असती, तर उचलणं सोपं गेलं असतं.

दुपारी पूंगोडीनं तिला केळीच्या पानावर चिंचभात वाढला आणि जरा टेकली.

"अक्का, तुमची समई गेली तर बरंच होईल," ती आत कानोसा घेत कुजबुजली. "माझी माळ्यावर पडून आहे. लग्नात आली तशीच, कागदसुद्धा काढला नाही. अत्तै म्हणतात, एका घरात एकच समई."

"तू मागितलीस कधी?"

"त्यांच्यापुढे कोण बोलणार?"

"मी बोलतेय ना. काय झालं मला? भातच खातेय."

पूंगोडी तोंडाला पदर लावून हसली आणि पटकन आत पळाली.

शनिवारी मरकतम तळ्यावर अंघोळ करून परतली, तर देवघराला कुलूप. विशालाक्षी नव्हती.

"पहाटेच त्यांच्या नणंदेकडे गेल्या. किल्ली कमरेला लावून," पूंगोडी म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "तुम्ही जाईपर्यंत येणार नाहीत म्हणाल्या."

राक्कम्मा आता कुंपण ओलांडून आतच आली होती. "कुलूप फोड, मी दगड आणते," ती म्हणाली. "समई तुझी, सगळं गाव साक्ष देईल."

"चोरासारखी कशाला नेऊ?" मरकतम म्हणाली. ती देवघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली. "संध्याकाळी दिवा लावायला त्यांना यावंच लागेल."

"आणि नाही आली तर?"

"येतील. मी सून होते त्यांची."

बसणं दिसतं तेवढं सोपं नव्हतं. दुपारनंतर तिचे पाय भरून आले. दुकानात दिवाळीची पोलकी पडून होती, परवाचं गुरुजींना सांगायचं होतं, स्वयंपाक्याला सामान द्यायचं होतं. मुत्तुवेलचा दोनदा फोन आला. "सोड ना आता," तो म्हणाला. सोडावं का, असं तिच्याही मनात येऊन गेलं. पण मग त्या दिवशी पिशवी घेऊन निघालो, तसंच आजही समई मागे टाकून निघाल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. ती उठली नाही.

ऊन विहिरीच्या काठावरून खाली गेलं आणि फाटक वाजलं. विशालाक्षी घामाघूम होऊन आत आली. शेताच्या बांधानं चालत आली होती. उंबऱ्याशी मरकतमला बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"सरक. दिव्याची वेळ झाली."

"लावा ना. मी अडवलेलं नाही. कुलूप उघडा, मी पण आत येते."

घरात अंधारून यायला लागलं. पूंगोडीनं विजेच्या बटणाकडे हात नेला आणि सासूकडे बघून मागे घेतला. या घरात आधी समई लागायची, मग बाकीचे दिवे. तिघींपैकी कोणी हललं नाही. शेवटी विशालाक्षीनं कमरेची किल्ली काढली. अंधारात कुलूप लवकर सापडेना.

तिनं वाती पुढे ओढल्या, तेल घातलं, पाचही लावल्या. मग देवांकडे न बघता ती समईकडेच बघत बसली.

"मी या घरात आले तेव्हा हातात मातीची पणती होती," ती म्हणाली. "बापाकडे दुसरं काही नव्हतं. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला ती पणती दाखवायची. सुनेनं काय आणलं बघा म्हणायची. सारा जन्म तेच ऐकलं. मग तुझ्या बापानं ही आणून ठेवली. राक्कम्माच्या घरात नाही अशी, सरपंचाच्या घरात नाही अशी. लोक नुसती बघायला यायचे. ही गेली की मी परत पणतीवर."

इतकी वर्षं जिला मरकतम नुसती कजाग समजत आली, त्या बाईचं हे तिला ठाऊकच नव्हतं.

"हे मला कधी सांगितलं असतंत, अत्तै, तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "पण समई मी नेणार आहे. उद्या सकाळी."

"दगड आहेस तू."

"असेन. तुमच्याच घरात घडले."

तेवढ्यात मागून पूंगोडी बोलली. आवाज इतका बारीक की दोघींना मान वळवावी लागली.

"अत्तै, माळ्यावर माझी आहे. उद्यापासून ती लावू."

"ती वीतभर?"

"वीतभर असली तरी पितळेची आहे," पूंगोडी म्हणाली. या वेळी आवाज जरा मोठा होता. "माझ्या आईनं दिलीय. तिला किती दिवस कागदात ठेवायचं?"

विशालाक्षीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ती उठून अंगणात गेली आणि विहिरीवर कितीतरी वेळ पाय धूत राहिली.

रविवारी सकाळी मरकतम समईचे भाग सुटे करायला बसली. आटे तेलानं घट्ट धरले होते. तिनं जोर लावला, साडीच्या पदरानं धरून बघितलं, काही हलेना. विशालाक्षी लांबून बघत होती. शेवटी तिनं आधणाच्या पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे आदळला.

"सांध्यावर ओत. रेटारेटी केलीस तर दांडा वाकेल."

पाणी ओतलं आणि आटा फिरला. हंस, तबक, दांडा, बैठक, सगळं साड्यांमध्ये गुंडाळून झालं. मरकतम सासूच्या पाया पडली. म्हातारीनं पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

"तिळाचंच तेल घाल," एवढंच म्हणाली. "दुसऱ्यानं काजळी धरते."

बसमध्ये कंडक्टरनं ते गाठोडं उचलून बघितलं आणि त्याचा खांदाच खाली आला. "काय अक्का, देऊळ घेऊन निघालात की काय?" तो म्हणाला. मरकतमनं गाठोडं मांडीवर घेतलं. मायिलाडुतुरैपर्यंत पायांना मुंग्या आल्या, पण खाली ठेवलं नाही.

सोमवारी पहाटे नव्या घरात दूध उतू गेलं, आणि पाचही वाती मरकतमनं स्वतः लावल्या. यळिनी शेजारी उभी राहून हंसाची चोच न्याहाळत होती. मुत्तुवेल चार माणसांना सांगत सुटला, की अशी समई आता मिळत नाही, म्हणूनच बहिणीला मी तिकडे पाठवलं. मरकतमनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पायसम वाढायला पळाला.

दुपारी पंगत बसली असताना पूंगोडीचा फोन आला.

"काल संध्याकाळी मी माझी लावली, अक्का. अत्तै ओसरीवर पाठ करून बसल्या, आतच आल्या नाहीत. जेवल्याही नाहीत."

"आणि आज?"

"आज सकाळी आल्या. म्हणाल्या, तेल किती कमी घातलंयस, माहेरी काही शिकवलं नाही का. आता चिंच घेऊन ती समई घासायला बसल्यात."

मरकतम मोठ्यानं हसली. पंगतीतल्या बायका वळून बघायला लागल्या. तिनं फोन कमरेला खोचला आणि सांबाराची बादली उचलली.