गप्प राहिलात तरी मंजूर

पोस्टकार्डाच्या कोपऱ्याला कॉफीचा ओला चोथा चिकटला होता, आणि तो बोटानं निपटताना त्याखालून नवऱ्याचं, मर्लचं, पूर्ण नाव निघालं — मधल्या नावाच्या अक्षरासकट, जे तो स्वतःसुद्धा कधी लिहीत नसे. मुलाच्या, कर्टच्या, जुळ्या मुली चालायला लागल्या त्या वर्षीचा मार्च होता. खिडकी लावलेली असूनही कारखान्यातल्या सोयाबीनचा वास स्वयंपाकघरात भरला होता. ऑर्लीननं कार्ड आधी फेकूनच दिलं होतं. टपाल कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहूनच चाळायचं, ही डेकेटर गावातल्या या गल्लीतली सगळ्यांचीच रीत — पिझ्झाची कुपनं, श्रवणयंत्रं, पन्हळी साफ करून देणारे — आणि हेही तसंच दिसत होतं, स्वस्त, घाईत छापलेलं, जणू छापणाऱ्यालाच ते कुणी वाचू नये असं वाटत होतं... हात पुन्हा डब्यात गेला तो या विचारानं. आपण फेकावं असं कुणाला तरी वाटतंय, मग का वाटतंय?

तिनं ते पुसून टेबलावर ठेवलं आणि भिंग आणलं.

मजकूर फार नव्हता. मर्लनं ज्या कंपनीची वर्गणी भरली होती, तिच्यावर हजारो गिऱ्हाइकांच्या वतीनं दावा झाला होता, न सांगता वर्गणी वाढवल्याबद्दल आणि बंद करा म्हटलं तरी पैसे कापत राहिल्याबद्दल. आता तडजोड झाली होती. नऊ डॉलर घ्या, नाहीतर तीन महिने सेवा फुकट घ्या. खाली मदतीचा फोन नंबर.

ही सेवा म्हणजे मेरिबेथनं, सुनेनं, नाताळात सासऱ्याला दिलेली भेट; पुढची वर्गणी मर्लच्या बँकेच्या कार्डातून जायची. दर सोमवारी मर्लच्या फोनवर एक प्रश्न यायचा — लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची, पहिली नोकरी कशी मिळाली — आणि त्यानं उत्तर बोलून ठेवायचं. जेवताना 'मीठ दे' आणि 'पाऊस येणार' एवढंच बोलणारा माणूस. दोन आठवड्यांत कंटाळेल अशी ऑर्लीनची खात्री होती. पण तो दर सोमवारी गराजमध्ये जायचा, पिकअप ट्रकमध्ये बसायचा, काचा वर करायचा आणि बोलायचा. कपडे वाळवायच्या यंत्रापाशी उभं राहिलं की दारातून दिसायचं — पुढच्या काचेमागे हलणारे त्याचे ओठ... एकदा तो हसला होता, मान मागे टाकून, जसा तो तिच्यासमोर कितीतरी वर्षांत हसला नव्हता. एकदा टोपीनं डोळे पुसले होते. ती टॉवेलाच्या घड्या घालत राहिली होती. काय बोलतोस, असं तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. 'घरच्यांना पाठवा' असं एक बटण होतं म्हणे, ते त्यानं शेवटपर्यंत दाबलं नाही.

तो गेल्यावरही पैसे कापले जातच होते. तिनं कर्टकरवी बँकेतलं कार्ड बंद करवलं, तशी कंपनीनं खात्याला कुलूप लावलं. आवाज आत राहिला. कर्टला ती म्हणाली होती, मी कंपनीला रोज फोन करते रे, कुणी दाद देत नाही. रोज! केला होता दोनदा.

मागच्या दारावर थाप मारून, उत्तराची वाट न पाहता फिलिस आत आली. शेजारीण, हातात लिंबाच्या वड्यांची ताटली. तिची नजर आधी कार्डावर गेली.

"अय्या, तुलापण आलं! भर लगेच. मला टूना माशाच्या डब्यांच्या दाव्यातून चार डॉलर आले, शाम्पूच्या दाव्यातून दोन. मी आणि माझ्या कुत्र्यानं मिळून हॅम्बर्गर खाल्ला."

"आणि वकिलांनी काय खाल्लं?"

"त्यांनी गाय खाल्ली. म्हणून काय आपण आपला घास सोडायचा?"

"चोरानं चोरी केली म्हणून कोर्टात गेले, आणि भरपाई काय? त्याच चोराच्या घरी तीन महिने फुकट राहा!"

"मग रोख घे, बाई. तू तर चर्चमधल्या बिंगोचे आकडेसुद्धा दोनदा तपासून घेतेस."

"आणि दोनदा चुकीचे निघालेत."

फिलिस हसली. मग तिनं ताटली पुढे सरकवली आणि आवाज उतरवून म्हणाली, "त्यात मर्लचा आवाज आहे ना गं? माझ्या हॅरल्डचा असता तर मी दार फोडून घुसले असते."

ऑर्लीननं वडीचा कोपरा मोडला. माझ्या मनात काय आहे हे हिला कळलंय की काय... हिला कोण म्हणालं, मला घुसायचं नाही?

फिलिस गेल्यावर तिनं कार्डाची मागची बाजू धरली, तिथं अक्षरं मुंग्यांएवढी होती. पैसे घेतलेत किंवा फुकटचे महिने घेतलेत, तर या सेवेबाबतचे तुमचे सगळे दावे तुम्ही सोडून दिलेत, तुम्हाला ठाऊक असलेले आणि ठाऊक नसलेले. काहीच केलं नाहीत, तरीही सोडून दिलेत. तडजोडीबाहेर राहायचं असेल तर तसं हातानं सही केलेलं पत्र टपालानं पाठवा. आत शिरायला मर्लला एक बोट पुरलं होतं. बाहेर पडायला पत्र, पाकीट, तिकीट. आणि गप्प बसणारा माणूस हो म्हणाला असं धरायचं!

ठाऊक नसलेले... ती त्या शब्दांवर भिंग धरून बसली. जे ठाऊकच नाही त्यावरचा हक्क माणूस सोडतो कसा? पण सोडतो की. मी नाही सोडला? टॉवेल हातात घेऊन दारात उभी राहिले ते काय होतं — मी विचारलं नाही म्हणजे मला मान्य होतं, असंच त्यानं धरलं असणार. पहिल्या बाळाच्या वेळी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आल्यावर त्यानं पाळणा तळघरात नेऊन ठेवला, तेव्हाही मी गप्प, तोही गप्प, आणि दोघांनीही दुसऱ्याचा होकार धरला... कुणाला ठाऊक, सोमवारच्या त्या प्रश्नांत तोही एक असेल. त्याचं उत्तर त्यानं यंत्राला दिलं असेल. मला नाही.

दुपारी तिनं फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एका थकलेल्या बाईचा आवाज आला.

"मी कंपनीची नव्हे हं, मॅडम. तडजोडीचं काम बघणाऱ्या ऑफिसातून बोलतेय."

"पैसे कोण देतं तुम्हाला?"

"तडजोडीच्या रकमेतूनच... म्हणजे, हो, कंपनीच."

"बरं. आत आवाज साठवलाय, त्याचं काय?"

कीबोर्डच्या कळा खडखडल्या. "खातं बंद दिसतंय. तडजोड पक्की झाली की बंद खात्यांमधलं सगळं पुसून टाकायचंय. माहिती कुणाच्या हाती पडू नये म्हणून. वकिलांनी ते भांडून मिळवलंय, ग्राहकांच्या भल्यासाठी."

"माझ्या भल्यासाठी."

"सगळ्यांच्याच, मॅडम."

"आणि मी बाहेर राहिले तर?"

"तर स्वतःचा वकील करून भांडू शकता. पुसणं थांबेल का, ते मात्र मी सांगू शकत नाही. फुकटचे महिने घेतलेत, तर खातं उघडतं. सगळं ऐकता येईल, उतरवून घेता येईल. फक्त बँकेच्या कार्डाचा नंबर द्यावा लागतो. महिने संपले की वर्गणी आपोआप सुरू होते."

म्हणजे ज्या फासात मर्ल अडकला, तोच फास धुऊन, रिबीन बांधून. ऑर्लीनला हसू आलं. किती नीट बसवलंय सगळं! त्यांना माझं कार्ड हवंय. वकिलांना गाय मिळाली. आणि मला... मला न ऐकण्याचं एक पक्कं कारण मिळत होतं. नऊ डॉलर घेतले की लोकांना सांगता येईल, फसवलं मेल्यांनी, आवाज पुसला. काही न करता बसले तरी तेच सांगता येईल. कंपनी लबाड आहे हे तर कोर्टातच ठरलंय, मग तिच्या आड कोण उभं आहे हे कोण बघायला जातंय?

ती एवढा वेळ कार्डाकडे बघत होती. आता तिची नजर गराजच्या दाराकडे गेली आणि तिथंच राहिली. संशय होताच, तसूभरही कमी झाला नव्हता. पण आता तो कंपनीवर टिकत नव्हता, मर्लवरही टिकत नव्हता, फिरून फिरून दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईवर येऊन बसत होता.

"मॅडम? काय लिहू? रोख की महिने?"

"थांबा जरा."

"थांबते. पण खातं मर्ल कोस्टर यांच्या नावावर आहे. आधी त्यांच्याशी बोलावं लागेल. आहेत का ते घरात?"

दफनवाल्यांना, बँकेला, पेन्शनच्या ऑफिसला, सगळ्यांना कर्टनंच कळवलं होतं. तिच्या तोंडून ते वाक्य अजून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. तिनं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांची बायको. मर्ल कोस्टर गेल्या नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, शुक्रवारी सकाळी, वारले."